आपण फारोच्या घरात असलो तर?

वसईकडच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या आपल्या धर्मग्रामात सातवी-आठवीच्या मुलांना धर्मशिक्षण देतात. ओळख पटेल असे तपशील वगळून पत्रातला गरजेचा भाग देते. निर्गम हे बायबलमधलं पुस्तक. मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा फारो यानं इस्राएल लोकांना (हिब्रूंना) गुलाम केलं होतं. तो सोडेना म्हणून देवानं मिसरावर दहा पीडा आणल्या, शेवटची प्रथमजन्मलेल्यांच्या मृत्यूची, आणि मोशेच्या हातून त्या लोकांची सुटका केली, ती गोष्ट त्यात आहे.

"उपवासकाळात मुलांना निर्गमाचं पुस्तक शिकवते आहे. गेल्या रविवारी स्तोत्र १३६ वाचलं. प्रत्येक ओळीनंतर मुलं एका सुरात म्हणत होती, 'त्याची दया सनातन आहे.' मिसरातल्या प्रथमजन्मलेल्यांना मारलं, त्या ओळीपाशी आलो आणि एक मुलगा थांबला. म्हणाला, 'टीचर, मुलं मारली यात दया कुठे आली? जात्यावर बसणाऱ्या दासीचा मुलगासुद्धा मेला, असं तुम्हीच वाचून दाखवलंत. तिनं काय केलं होतं?' पुढच्या रविवारी सांगते म्हटलं आणि वर्ग सोडला.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. हायवेच्या पलीकडे आमची वीटभट्टी आहे. हिशोबाची वही मी लिहिते. पावसाळ्यात मिस्टर पाड्यावर जाऊन बयाणा देतात, दिवाळीनंतर कुटुंबं येतात. यंदा एका कातकरी कुटुंबातली म्हातारी गावी वारली. ते निघाले, तर आमच्या माणसानं त्यांना एसटी स्टँडवरून परत आणलं, कारण बयाणा फिटला नव्हता. मिस्टर म्हणतात, मी कुणावर हात टाकत नाही, खावटी (धान्या-किराण्याचे पैसे) वेळेवर देतो, पैसे त्यांनी आपल्या हातानं घेतले आहेत. पाचव्या अध्यायात मिसरातले गुलाम विटाच पाडतात. तो अध्याय मुलांपुढे वाचताना माझा आवाज फुटेना. देवाचा न्याय खरा असेल तर या गोष्टीत आम्ही कोण? आणि आमच्यासाठी दया उरली आहे का?"

ताई,

आधी त्या मुलाचा प्रश्न घेऊ, कारण तुमच्या भट्टीचा प्रश्न त्याच्याच पोटात आहे.

मिसरी लोक वाईट होते म्हणून त्यांची मुलं मेली, असं उत्तर त्याला देऊ नका. पुस्तक तसं म्हणत नाही. गारांची पीडा येण्याआधी फारोच्या सेवकांपैकी ज्यांनी इशारा मनावर घेतला, त्यांनी आपले दास आणि गुरं घरात आणली, असं नवव्या अध्यायात आहे. दहाव्यात त्याचेच दरबारी त्याला विनवतात, जाऊ दे या लोकांना, मिसर बुडालं हे तुला अजून कळत नाही का? आणि शेवटी इस्राएलांबरोबर इतर पुष्कळ माणसंही निघून गेली. जात्यावरची दासी तर स्वतःच गुलाम होती. अकराव्या अध्यायात ती आहे, बाराव्यात तिच्या जागी तुरुंगातला कैदी आहे. फारोच्या राज्यात अगदी तळाशी असलेली ही माणसं. त्यांना वगळून गोष्ट सांगितली असती तर ती ऐकायला किती सोपी झाली असती! ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांनी तसं केलं नाही. त्या रात्री मिसरात मोठा आकांत झाला, कुणी मेलं नाही असं एकही घर उरलं नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलं.

त्या मृत्यूंचा उलगडा मला झालेला नाही. फारोनं हिब्रूंचे मुलगे नाईल नदीत फेकायचा हुकूम काढला होता आणि तेच त्याच्यावर उलटलं, असं सांगतात. फारोपुरतं मला ते पटतं, दासीपुरतं पटत नाही. राजाच्या हट्टाची किंमत त्याच्या राज्यातल्या सगळ्यात गरीब बाईला मोजावी लागते, हे मात्र कुठल्याही काळात खरं आहे. मुलाला एवढं सांगा. आणि हेही सांगा, की त्या दासीच्या मुलासाठी जीव कळवळला म्हणजे श्रद्धा कमी पडली असं होत नाही. निर्गमातला देव आधी ऐकतो. गुलामांनी टाहो फोडला आणि तो देवापर्यंत पोचला, तिथून गोष्ट सुरू होते. तुमचा विद्यार्थी त्याच देवाच्या वळणावर गेला आहे.

ज्यांची ही स्वतःची गोष्ट आहे, त्या ज्यू लोकांनीही हा कळवळा जपला आहे. वल्हांडणाच्या, म्हणजे या सुटकेच्या सणाच्या, रात्री अनेक घरांत दहा पीडांची नावं घेतात आणि प्रत्येक नावाला प्याल्यातल्या द्राक्षारसाचा एक थेंब बाहेर काढतात. दुसऱ्यांवर दुःख कोसळलं, म्हणून आमच्या आनंदाचा प्याला तेवढा उणा, असा त्याचा अर्थ लावतात. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात एक कथा आहे. मिसरी सैन्य समुद्रात बुडत असताना देवदूत स्तुती गाऊ लागले, तेव्हा देवानं त्यांना थांबवलं: माझ्या हातांनी घडवलेली माणसं बुडताहेत आणि तुम्ही गाताय? अलिबाग-ठाण्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू, वल्हांडण पाळतात. ओळखीत त्यांच्यापैकी कुणी असेल तर एका रविवारी वर्गावर बोलवा. मुलांना ही गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकू द्या.

आता स्तोत्राची ओळ. 'त्याची दया सनातन आहे' असं कोण म्हणतं आहे, ते वर्गाला विचारा. ही ओळ सुटून आलेल्यांच्या मुखातली आहे. ज्याच्या पाठीवर चाबूक आहे त्याला न्याय आणि दया अशा दोन वेगळ्या वस्तू मिळत नाहीत. मालकाची पकड सुटली तरच त्याची सुटका होते. ती पकड कुणीतरी सोडवावी लागते आणि सोडवताना मालकाला दुखतं. फारोनं पहिल्या मागणीला मान दिला असता तर मोशेची काठी उगारलीच गेली नसती. गुलामाच्या झोपडीतून पाहिलं तर ती रात्र दयेची होती, महालातून पाहिलं तर न्यायाची. जात्यावरच्या बाईला त्या रात्री दोन्हीतलं काहीच मिळालं नाही. ही जखम या गोष्टीत उघडीच राहते. मुलांसमोर ती झाकू नका.

गुलामांच्या मालकांना या गोष्टीची धार चांगली कळत होती. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या मळ्यांवरल्या गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. योसेफ गुलाम म्हणून विकला गेला आणि इमानानं राहिला, ती कथा तिच्यात ठेवली. मोशेनं लोकांना दास्यातून बाहेर काढलं, तो भाग गाळून टाकला. तरी ती गोष्ट गुलामांपर्यंत पोचलीच. अमेरिकेत मेरिलँडमधून १८४९ साली हॅरिएट टबमन पळाली, आणि नंतर जीव धोक्यात घालून सुमारे तेरा वेळा परत जाऊन तिनं सत्तरेक माणसं सोडवून आणली. तिला सगळे मोशे म्हणत. तिच्याबरोबर रात्रीच्या अंधारात रान तुडवणाऱ्या माणसाला स्तोत्र १३६ समजावून सांगावं लागलं नसतं.

आपण मात्र चर्चमध्ये हे स्तोत्र म्हणताना स्वतःला काहीही न विचारता इस्राएलांच्या रांगेत जाऊन उभे राहतो. ताई, तुम्ही तसं केलं नाहीत. 'या गोष्टीत आम्ही कोण' असं विचारलंत. अब्राहम लिंकन यांनी हा प्रश्न एका अख्ख्या देशाला विचारला होता. ४ मार्च १८६५ रोजी अध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेताना, यादवी युद्ध संपत आलेलं आणि विजय दिसत असताना, त्यांनी गुलामगिरीसाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या नावानं बोटं मोडली नाहीत. दोन्ही बाजू तेच बायबल वाचतात आणि त्याच देवाला प्रार्थना करतात, असं ते म्हणाले. गुलामगिरीचं पाप त्यांनी अमेरिकेचं म्हटलं, एकट्या दक्षिणेचं नव्हे, आणि हे भयंकर युद्ध देवानं उत्तर आणि दक्षिण दोघांनाही दिलं असेल, असं सांगितलं. अडीचशे वर्षांच्या बिनमोलाच्या कष्टांवर उभी राहिलेली सगळी संपत्ती या युद्धात बुडावी, चाबकानं काढलेल्या रक्ताच्या प्रत्येक थेंबाची भरपाई तलवारीनं काढलेल्या रक्तानं व्हावी, अशी देवाची इच्छा असली तरी त्याचा न्याय खराच म्हणावा लागेल, असं ते म्हणाले. तोवर सहा लाखांवर सैनिक मेले होते. सुटलेली माणसं चाळीस लाखांच्या घरात होती. देवाच्या न्यायाचं नाव घ्यायचं तर ते असं, आपल्या घरापासून घ्यावं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मी सरळ उत्तर देते. या गोष्टीत तुम्ही फारोच्या घरात आहात.

पाचवा अध्याय पुन्हा काढा. मोशे लोकांसाठी तीन दिवसांची सुटी मागतो, रानात जाऊन देवाची उपासना करायला. तुमच्याकडच्या कुटुंबानं म्हातारीच्या मयतीसाठी याहून जास्त काय मागितलं होतं? फारो म्हणतो, हे आळशी झाले आहेत. आणि हुकूम काढतो, विटांसाठी पेंढा द्यायचा नाही, तो त्यांनी स्वतः गोळा करावा, पण विटांचा आकडा पहिल्याइतकाच भरला पाहिजे. आपल्या नजरेत फारोही वाईट वागत नव्हता. तो काम करून घेत होता. मनं कशी कठीण होत जातात तेही तिथं टप्प्याटप्प्यानं दिसतं. पहिल्या पाच पीडांत फारो स्वतःच मन घट्ट करतो. देवानं त्याचं मन कठीण केलं, असं प्रत्यक्ष घडल्याचं पहिल्यांदा येतं ते सहाव्या पीडेच्या वेळी. त्याआधी वळायला पाच वेळा वाट मोकळी होती. त्या वाटा म्हणजेच फारोच्या घरासाठी ठेवलेली दया. तुमचा आवाज वर्गात फुटेना, ही तशीच एक वाट आहे असं मी मानते.

आणि त्या घरात एक बाई होती. तिची आठवण आपण पाळण्यातल्या बाळाच्या चित्रापुरती ठेवतो. फारोची मुलगी. बापाच्या हुकुमानं जे बाळ, म्हणजे पुढचा मोशे, बुडायला हवं होतं ते तिनं पाण्यातून बाहेर काढलं, आणि ते हिब्रूंचं आहे हे ओळखून काढलं. दूध पाजायला जी बाई आली, ती त्याची आईच होती. तिला ही राजकन्या म्हणते, याला माझ्यासाठी पाज, मी तुला मजुरी देईन. एका गुलाम बाईच्या हातावर कष्टाचे पैसे ठेवायची भाषा निर्गमाच्या पुस्तकात पहिल्यांदा येते ती अशी, फारोच्या लेकीच्या तोंडी. तुमच्या हातात हिशोबाची वही आहे. घरात तुमची जागा कोणती, हे मी याहून वेगळं काय सांगू?

आता व्यवहाराचं बोलते. मिस्टरांचं म्हणणं आहे की पैसे त्यांनी आपणहून घेतले. पावसाळ्यात पाड्यावर हाताला काम नसतं, घरात दाणा नसतो, तेव्हा घेतलेले पैसे किती आपणहून घेतलेले असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. बयाणा देणं हा एवढ्यानंच गुन्हा होत नाही. पण उचल फिटेपर्यंत माणसाला जाऊ न देणं, दुसरीकडे काम करू न देणं, किंवा उचलीपोटी किमान वेतनाहून कमी देणं, ही वेठबिगारी आहे. राज्यघटनेच्या कलम २३ नं ती मना आहे. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा, आणि त्याआधी ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला होता. या कायद्यानं असं कर्ज संपलेलं असतं. वहीत बाकी दिसत असली तरी कायद्याच्या लेखी ती शून्य. तिची वसुली करणं हाच गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवून घेणं ही सक्तीची मजुरी आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली सांगितलं आहे. ते कुटुंब अनुसूचित जमातीचं असल्यामुळे अ‍ॅट्रॉसिटी कायदाही लागू शकतो. एसटी स्टँडवरून माणसं परत आणणं ही किरकोळ बाब नाही. हे मिस्टरांना या शब्दांत सांगा.

बायबलमध्येही दास ठेवायची परवानगी आहे, असा मुद्दा घरात निघू शकतो. आहे, हे मान्य करा. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परक्यांना दास म्हणून ठेवायची मुभा आहे आणि ती वाचून मला आजही त्रास होतो. पण त्याच नियमशास्त्रात, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात, पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नको असं आहे. तुमचा माणूस स्टँडवर गेला तो याच आज्ञेविरुद्ध गेला. आणि यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात यरुशलेमच्या श्रीमंतांनी दास सोडले आणि संकट टळल्यासारखं वाटताच पुन्हा धरून आणले. तेव्हा देवाचा न्याय त्याच्या स्वतःच्या लोकांवर आला. निवडलेली प्रजा म्हणून त्यांना सूट मिळाली नाही. मिस्सा न चुकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा अध्याय जरूर वाचावा.

तुम्ही काय करावं? आज-उद्यातच त्या कुटुंबाकडे जा आणि स्वतःच्या तोंडानं सांगा, तुम्ही मोकळे आहात, केव्हाही जा, तुम्हाला कुणी अडवणार नाही. हे ऐकवायचं काम मुकादमावर सोपवू नका. मग वही घेऊन बसा. किती हजार विटा पाडल्या, हजारामागे काय दर लावला, किमान वेतनानं तो किती व्हायला हवा होता, खावटी किती दिली. बायकोच्या आणि मुलांच्या कष्टांचा पैसा नवऱ्याच्या नावाखाली गडप झाला असेल तर तो वेगळा काढा. मुलं विटा वाहत असतील तर ते त्याच दिवशी थांबलं पाहिजे. बयाण्याची बाकी खोडा आणि खोडलेली दाखवा. मजुरी निघत असेल तर रोख द्या. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात दासाला सोडताना रिकाम्या हातांनी पाठवू नको असं स्पष्ट लिहिलं आहे, तूही मिसरात दास होतास याची आठवण देऊन. इस्राएल निघाले तेही मिसऱ्यांचं सोनं-चांदी घेऊन. मी ते इतक्या वर्षांचं थकलेलं वेतन समजते.

हे करताना एक जपा. याला दया म्हणू नका, त्यांच्यासमोर तर अजिबात नको. त्यांच्याच घामाचे पैसे परत देताना आपण मेहेरबानी करतोय असा सूर लागला तर ते पुन्हा मिंधे होतील आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच मिंधेपणानं तुमच्या दारी येतील. दया तुम्हाला हवी आहे आणि ती मागायची जागा वेगळी आहे. पापनिवेदनाला जा, जरूर जा. पण फादरांनी क्षमा उच्चारली म्हणून वहीतली बाकी फिटत नाही. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदाराची गोष्ट आठवा. ज्याचं लुबाडलं असेल त्याला चौपट परत देतो, हे तो बोलला, आणि त्यानंतर प्रभू येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं. दया उरली आहे का, असं तुम्ही विचारलंत. उरली आहे. ती जक्कयाच्या घरी आली तशीच तुमच्याकडे येईल.

मिस्टर ऐकतील का, मला माहीत नाही. भट्टी बंद करा असं मी म्हणत नाही. योग्य दर, आठवड्याला रोख हिशोब आणि जायची मोकळीक ठेवून ती चालवता येते, नफा कमी होईल. तोट्याचा आकडा काढून त्यांच्यासमोर ठेवा, पुरुषांशी असं बोललेलं पुष्कळदा पोचतं. पण ते नाहीच म्हणाले आणि त्या माणसांना पुन्हा अडवलं, तर तहसीलदार, प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागेल. अशा तक्रारीची चौकशी करून मजुरांना सोडवणं आणि मुक्ततेचा दाखला देणं हे प्रशासनाचं काम आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तुम्हाला बाई म्हणून आणि त्या कुटुंबाला आदिवासी म्हणून मोफत वकील मिळतो. आपल्याच नवऱ्याविरुद्ध तिथं जाणं किती कठीण आहे, याची मला जाणीव आहे. ते कुटुंब मात्र तुमचं घर सावरेपर्यंत थांबू शकत नाही. त्यांची एक मयत आधीच चुकली आहे. जाण्याआधी तुमच्या विश्वासातल्या कुणाला तरी सांगून ठेवा, एकट्या पडू नका.

वर्गात भट्टीचा विषय इतक्यात काढू नका. आधी घरचा हिशोब होऊ द्या. रविवारी त्या मुलाला दासीबद्दल वर लिहिलं आहे तेवढं सांगा, आणि तुझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, हेही सांगा. मग पाचवा अध्याय पुन्हा वाचून घ्या, या वेळी मुलांकडून. विटांपाशी त्यांनी काही विचारलं तर टाळू नका.

ईस्टरच्या जागरणात निर्गमाचा चौदावा अध्याय, समुद्र ओलांडून सुटल्याचा, वाचावाच लागतो. बाकीची काही वाचनं कमी करता येतात, हे करता येत नाही. त्या रात्रीच्या आत ते कुटुंब गावी पोचलेलं असावं. निघताना हिशोबाचा कागद, मजुरी आणि गाडीभाडं त्यांच्या हातात द्या, आणि पुढच्या हंगामाचा बयाणा त्यात घालू नका.